आवळा देऊन कोहळा : ऑनलाइन कॅसिनोचा ‘बोनस’ घ्यावा का?

पोटात जळजळ, रात्री झोप नाही, डोके सतत जड, अशी तक्रार घेऊन मध्यंतरी एक गृहस्थ दवाखान्यात आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) वय सदतीस-अडतीस. तालुक्याच्या गावी खते-बियाण्यांचे दुकान. दारू नाही, तंबाखू नाही. रक्तदाब मात्र १५०/१०० निघाला. आम्लपित्ताच्या गोळ्या महिनाभर घेऊनही फरक नव्हता. बरोबर आलेल्या पत्नीने सांगितले, “डॉक्टरसाहेब, हे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइल घेऊन बाहेरच्या खोलीत बसतात. विचारलं की म्हणतात, दुकानाचा हिशोब करतोय.”

पत्नीला थोडा वेळ बाहेर बसवून मी पुन्हा विचारले, तेव्हा खरे काय ते कळले. मोबाइलवर ‘लाइव्ह कॅसिनो’ चालू होता. चार महिन्यांत एक लाख ऐंशी हजार रुपये गेले होते आणि त्यांतले बरेचसे खत कंपनीला द्यायचे होते. एवढे सांगून ते खालच्या आवाजात म्हणाले, “साहेब, मी सोडणारच आहे. पण आता दहा हजार भरले तर दहा हजार बोनस देताहेत. तेवढा पदरात पाडून घेतो आणि बंद करतो. घ्यावा का?”

अशीच शंका पुष्कळांच्या मनात असते, पण ती विचारायची कोणाला हा प्रश्न असतो. म्हणून आजच्या लेखात या बोनसचा विचार करू.

लाइव्ह कॅसिनो म्हणजे काय?

साध्या मोबाइल खेळात संगणकच पत्ते वाटतो. लाइव्ह कॅसिनोत दूरच्या एखाद्या स्टुडिओत खरा माणूस खऱ्या टेबलापाशी उभा असतो. तो चक्र फिरवतो, पत्ते उलगडतो आणि ते चित्र जसेच्या तसे आपल्या मोबाइलवर दिसते. अशा स्टुडिओंचे एक मोठे केंद्र युरोपातील लॅटव्हिया देशाच्या रिगा शहरात आहे. रूले, ब्लॅकजॅक, बॅकरा यांच्याबरोबर आपल्याकडचे तीन पत्ती आणि अंदर-बाहरही तेथे असते. समोरची व्यक्ती हसते, बोलते, कधी नाव घेऊन स्वागत करते. त्यामुळे हे यंत्र नसून बैठकच आहे असे वाटू लागते. ही बैठक दिवसाचे चोवीस तास चालू असते.

गणित समजून घ्या

जुन्या पिढीला मटका माहीत आहे. दहा आकड्यांतून एक आकडा निवडायचा आणि लागला तर रुपयाला नऊ रुपये, असा एकेरी आकड्याचा रूढ भाव. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा जाऊन नऊ येतात. राहिलेला रुपया धंदा चालविणाऱ्याचा. कोणाचा आकडा लागो वा न लागो, त्याला काळजी नसते.

युरोपीय रूलेत ० ते ३६ असे ३७ आकडे असतात. आकडा लागला तर लावलेल्या रुपयासह ३६ रुपये हातात येतात. म्हणजे ३७ रुपयांमागे एक रुपया कॅसिनोचा, शेकडा सुमारे २ रुपये ७० पैसे. मटक्यापेक्षा हा दर कमी दिसतो, पण तेथेच माणूस फसतो. मटक्याचा आकडा दिवसातून मोजक्या वेळा फुटत असे. येथे मिनिटा-सव्वा मिनिटाला चक्र फिरते, तासाला पन्नासएक डाव होतात. घास लहान असला तरी दर मिनिटाला घेतला जातो.

आता बोनसकडे वळू. आमच्या रुग्णाने अटींचे पान उघडून दाखविले. बारीक अक्षरांत पुढील गोष्टी होत्या. बोनसचे दहा हजार काढून घेण्यापूर्वी त्याच्या ३५ पट रकमेचे डाव खेळले पाहिजेत. लाइव्ह टेबलावर लावलेल्या रुपयातले फक्त दहा पैसे या हिशोबात धरले जातील. एका डावाला पाचशेपेक्षा जास्त लावायचे नाहीत. आणि सगळे तीस दिवसांत पुरे करायचे. अशा अटी या धंद्यात सर्रास असतात.

मी औषधाच्या चिठ्ठीच्या मागेच हिशोब मांडला. दहा हजारांचे ३५ पट म्हणजे साडेतीन लाख. दर रुपयाला दहाच पैसे मोजणार, म्हणजे प्रत्यक्षात पस्तीस लाखांचे डाव. पस्तीस लाखांवर ३७ रुपयांमागे एक या दराने सरासरी तोटा सुमारे ९४,६०० रुपये. दहा हजारांच्या बक्षिसासाठी चौऱ्याण्णव हजारांचा खर्च! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, पण येथे मसाला कोंबडीच्या नऊपट महाग आहे. अर्थात तेथवर पोचण्यापूर्वीच स्वतःचे दहा आणि बोनसचे दहा असे वीस हजार बहुधा संपलेले असतात. मग अट पुरी करायची म्हणून आणखी पैसे भरले जातात.

आता वेळ पाहा. डावाला शंभर रुपये लावले तर ३५,००० डाव होतात. तासाला पन्नास डाव धरले तर ७०० तास लागतील. तीस दिवसांचे एकूण तासच ७२० असतात! पाचशेची कमाल रक्कम लावत गेले तरी १४० तास, म्हणजे महिनाभर रोज साडेचार तासांहून अधिक. दुकान सांभाळणाऱ्या, घरातल्यांपासून लपविणाऱ्या माणसाने हे तास आणायचे कोठून? ते झोपेतूनच येतात. त्यांची आम्लता, डोकेदुखी आणि वाढलेला रक्तदाब कोठून आला, याचा एक धागा मला तेथे सापडला.

सगळेच बोनस असे असतात का?

प्रामाणिकपणे सांगायचे तर कागदावर फायद्याचा बोनस असू शकतो. अट दहा पटींची असेल आणि लावलेला पूर्ण रुपया हिशोबात धरला जात असेल, तर दहा हजारांसाठी एक लाखाचे डाव आणि सरासरी तोटा २,७०० रुपये. पण लाइव्ह टेबलांना पूर्ण रुपया सहसा मोजतच नाहीत. ब्लॅकजॅकमध्ये अगदी बिनचूक खेळणाऱ्याचा तोटा शेकडा अर्ध्या रुपयापर्यंत खाली येतो. तरी आमच्या रुग्णाच्या अटींत तो हिशोब साडेसतरा हजारांवर गेला असता. म्हणजे तेथेही बोनसपेक्षा जास्तच.

ब्रिटनमध्ये जुगार कायदेशीर आहे. तेथल्या जुगार नियामक आयोगानेही मार्च २०२५ मध्ये बोनसवर दहा पटींपेक्षा जास्त उलाढालीची अट घालण्यास बंदी करण्याचा निर्णय जाहीर केला. अशा अटींनी माणूस गरजेपेक्षा जास्त आणि जास्त वेळ खेळत राहतो, हेच त्यामागचे कारण.

शिवाय हे सगळे गणित यंत्रासारख्या खेळाडूचे आहे. ठरल्या रकमेला ठरल्या वेळी उठणारा, हरल्यावर न चिडणारा, जिंकल्यावर न चढणारा माणूस यात गृहीत धरलेला असतो. ज्याला आधीच उठता येत नाही, त्याला हे गणित लागू पडत नाही.

मेंदूत काय घडते?

बक्षीस ठरावीक वेळी मिळाले तर माणूस त्याला सरावतो. कधी मिळेल याचा नेम नसेल, तर तो पुन:पुन्हा प्रयत्न करीत राहतो. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी गेल्या शतकात प्राण्यांवरील प्रयोगांतून हे दाखविले. अनिश्चित बक्षिसाच्या अपेक्षेने मेंदूतील डोपामिन हे रसायन उसळते. आकडा थोडक्यात हुकला तर तेही हरणेच असते, पण मेंदू त्याला ‘जवळजवळ जिंकलो’ असे समजतो आणि हात पुन्हा पुढे जातो. या ताणात नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो आणि मध्यरात्री फोन ठेवला तरी झोप लागत नाही.

बोनस या जाळ्याला आणखी एक गाठ मारतो. “आता सोडले तर बोनस बुडेल” ही ती गाठ. वास्तविक जे आपल्या हाती आलेलेच नाही ते बुडणार कसे? पण मन तसे मानत नाही.

ही केवळ वाईट सवय नव्हे

अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली जुगाराच्या विकाराला दारू आणि इतर व्यसनांच्या पंक्तीत बसविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या यादीतही तो आहे आणि ही यादी जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याची लक्षणे तीन. खेळण्यावर ताबा न राहणे, घर-धंद्यापेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे.

घरच्या घरी तपासायला दोन साधे प्रश्न डॉक्टर वापरतात. एक, पूर्वीपेक्षा जास्त-जास्त पैसे लावावेसे वाटतात का? दोन, किती खेळता याबद्दल जवळच्या माणसांशी खोटे बोलावे लागले आहे का? दोहोंपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांना भेटा. आमच्या रुग्णाची दोन्ही उत्तरे ‘हो’ होती.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. कंपवातासाठी (पार्किन्सन) दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्यांनी काही रुग्णांना जुगाराची अनावर ओढ लागते. अॅरिपिप्राझोल या मानसिक आजारावरील औषधानेही क्वचित असे घडते. आयुष्यात पत्त्याला हात न लावलेले आजोबा अचानक पैसे लावू लागले, तर त्यांना नावे ठेवण्यापूर्वी औषधांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

कायदा कोणाच्या बाजूने?

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. असा खेळ चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. त्याची जाहिरात करणेही गुन्हा ठरविले आहे. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. पण बोनस देणारे परदेशातून धंदा करतात. त्यांनी जिंकलेले पैसे अडविले, तर दाद मागायला दार नाही. कधी हे पैसे तिऱ्हाइताच्या खात्यातून येतात आणि त्या खात्याची सायबर चौकशी निघाली तर आपलेही खाते गोठते. दुकानदाराचे खाते गोठले तर दुकानच बंद पडते.

घरच्यांनी काय करावे?

* रागावणे, शपथा घालणे, चारचौघांत अपमान करणे टाळा. त्याने लपवालपवी वाढते.
* कर्ज किती आहे ते एकदाच पूर्ण कागदावर लिहून घ्या. गुपचूप कर्ज फेडून मोकळे होऊ नका. उपचाराविना फेडलेले कर्ज पुन्हा होते.
* काही महिने पैशांचा व्यवहार घरातील दुसऱ्या विश्वासू व्यक्तीकडे द्या. मोबाइलवरून पैसे पाठविण्याची मर्यादा बँकेतून कमी करून घ्या.
* ते ॲप काढून टाका, बोनसचे संदेश येणारे क्रमांक बंद करा. रात्री फोन झोपायच्या खोलीबाहेर ठेवा.
* मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. विचार आणि वर्तन बदलण्याच्या समुपदेशनाचा या विकारात चांगला उपयोग होतो. सोबत नैराश्य असेल तर त्यावर औषधे आहेत.
* “आता जगून काय उपयोग” असे शब्द कानावर आले तर ते थट्टेवारी नेऊ नका. माणसाला एकटे सोडू नका. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. मराठीतूनही बोलता येते.

आमच्या रुग्णाने चिठ्ठीमागचा हिशोब दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. नंतर पत्नीला आत बोलावून त्यांनी स्वतःच सगळे सांगितले. ती रडली, पण ओरडली नाही. खत कंपनीकडून हप्ते बांधून घेतले, बँकेचे काम तिने हाती घेतले. तिसऱ्या आठवड्यात त्यांना संदेश आला, “तुमची आठवण येते, या वेळी वीस हजार बोनस.” त्या रात्री ते एकदा घसरले आणि दोन हजार गेले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ते घरी सांगितले. उपचारात घसरणे होतेच. न लपविणे ही सुधारणेची खूण समजावी. आता झोप लागते, रक्तदाबही उतरणीला आहे.

सोडून गेलेल्या गिऱ्हाइकाला दुप्पट बोनस का मिळतो, याचा विचार वाचकांनी करावा. आवळा मोठा होत चालला की समोरच्याचा डोळा आणखी मोठ्या कोहळ्यावर आहे असे समजावे. बोनस घ्यावा का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे. आणि “एवढा घेऊन सोडतो” असे मन म्हणू लागले, तर तो दिवस बोनस घेण्याचा नसून डॉक्टरांकडे जाण्याचा आहे.