पायाखालचा कातळ : विहिरीतला तांबडा पट्टा

हिमालयाची गोष्ट या आठवड्यातही राहिली. या लेखमालेत गेल्या खेपेला भारताचा भूपट्ट आशियाच्या दारात आणून सोडला होता, तो बिचारा तिथेच थांबलाय. कारण मध्येच राहुरी तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलं आणि ते काही बाजूला ठेववेना. त्यांच्या शेतात विहिरीचं काम चालू आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग घणाला दाद न देणारा कातळ आणि तो कसाबसा फोडला तर खाली हातभर तांबडी माती. तिच्याखाली पुन्हा दगडच. ते विचारतात, तुम्ही लिहिता ते पृथ्वीचे थर हेच का? आणि असंच खणत गेलो तर लाव्हा किती परसांवर लागेल? तिसरा प्रश्न संगमनेर तालुक्यातल्या घारगाव-बोट्याच्या भूकंपाच्या धक्क्यांचा आहे.

आधी लाव्हाचं. आपल्याखाली पृथ्वीचं कवच साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड आहे. त्याखाली प्रावरण, २,९०० किलोमीटरपर्यंत. त्यानंतर गाभा. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, या कवचाचा जेमतेम वरचा पापुद्रा आहे. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल भोक पाडलं, तेव्हा ३३८ मीटरला बेसाल्ट संपला. मग आठेक मीटर गाळाचे थर आणि त्याखाली अब्जावधी वर्षं जुने ग्रॅनाइटसारखे खडक. कोयनेच्या परिसरात गोठणे इथे ३,००० मीटरपर्यंत उतरले, तिथे बेसाल्ट १,२४७ मीटरला संपला. रशियात कोला इथे तर १२,२६२ मीटर खोल गेले, तरी लाव्हाचा थेंब मिळाला नाही. मिळणारही नव्हता. कवचाखाली उकळता समुद्र आहे हा समज शाळेतल्या तक्त्यावरच्या नारिंगी रंगाने करून दिला आहे. त्या तक्त्यांवर माझा जुना राग आहे. प्रावरण घन खडकाचंच आहे. लाखो वर्षांच्या हिशेबात ते सरकतं, वाहतं, पण वितळतं ते मोजक्या ठिकाणी. असं एक ठिकाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या खालून गेलं. खरं तर आपणच त्याच्यावरून गेलो. भारताचा पट्ट उत्तरेला सरकत राहिला, ते ठिकाण मागे पडलं आणि आज रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून अधूनमधून उफाळतो.

तेव्हा विहिरीतले थर पृथ्वीचे नव्हेत. ते लाव्हाचे एकावर एक आलेले लोंढे आहेत. भेगांतून लाव्हा बाहेर पडला, दूरवर पसरला, थिजला, मग त्यावर दुसरा. कळसूबाई चढताना पायऱ्या-पायऱ्यांचे कडे दिसतात ते हेच. १९८०च्या दशकात आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव, पीटर हूपर आणि इतरांनी रासायनिक पृथक्करण करून या थरांची उतरंड लावली आणि तीन उपगट केले : कळसूबाई, लोणावळा आणि वाई. सगळ्यांत खालचा, म्हणजे जुना, तो कळसूबाईचा. आपल्या अकोले तालुक्यातल्या देवीचं नाव जगभरच्या भूशास्त्रीय नियतकालिकांत छापलं जातं, याचा मला उगाचच अभिमान वाटतो.

आणि तांबडी माती? दोन लोंढ्यांच्या मधला तो खंड आहे. खालचा लोंढा थिजला आणि वरचा येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला. उन्हापावसाने खालच्या दगडाचा माथा कुजला, त्यातलं लोह गंजलं, माती झाली. मग वरून नवा तप्त लोंढा आला आणि त्याने ती वीट भाजावी तशी भाजली. काही ठिकाणी ही माती दगडाची नसून उडून आलेल्या राखेची आहे, असंही काही अभ्यासक मानतात. मला वाटतं दोन्ही खरं असावं, जागेजागेनुसार.

विहिरीत उतरून हे नीट पाहण्यासारखं असतं. पट्ट्याच्या वरच्या कातळाच्या अगदी तळाशी करंगळीएवढ्या उभ्या नळ्या दिसतात. ओल्या जमिनीवरून लाव्हा गेला, खालची वाफ त्यातून वर घुसली, तिच्या या वाटा. त्याखाली तांबडी माती, नखाने ओरखडता येते, ओली झाली की साबणासारखी बुळबुळीत लागते. तिच्याखालचा दगड सच्छिद्र, त्याच्या भोकांत पांढरे, हिरवट खडे भरलेले. हाच आपल्याकडचा मांजऱ्या. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याच्या विहिरीतून असेच अपोफिलाइट या खनिजाचे हिरवे स्फटिक निघाले आणि परदेशी संग्रहालयांपर्यंत पोचले. ती हिरवाई व्हॅनेडियमची. पत्रलेखकांनी मांजऱ्या लागल्यावर पहारीबरोबर डोळेही उघडे ठेवावेत. आणि तांबडा पट्टा मात्र बांधून काढावा. पाणी लागलं की तो फुगतो, सुटतो आणि वरचा कातळ अधांतरी राहतो.

या मातीचं मोल भूशास्त्रज्ञांना अलीकडे कळलं. बेसाल्टचं वय नेमकं काढणं कठीण, कारण त्यात झिरकॉनचे कण सहसा नसतात. पण तांबड्या मातीवर दुसऱ्या कुठल्याशा ज्वालामुखीची राख पडलेली असली, तर तिच्यात ते सापडतात. झिरकॉनमधलं युरेनियम ठरलेल्या गतीने शिसं होत जातं, त्यावरून वय निघतं. प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोएन यांच्या गटाने असे कण वेचले, त्यांच्यासोबत अमरावती विद्यापीठाचे सय्यद खादरी होते. बर्कलीच्या कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने बेसाल्टच आर्गॉन पद्धतीने मोजला, त्यांच्यात आयआयटी मुंबईचे कांचन पांडे होते. २०१९च्या फेब्रुवारीत दोन्ही निबंध ‘सायन्स’च्या एकाच अंकात आले आणि एकमेकांना भिडले! पहिले म्हणतात, लाव्हा चार झटक्यांत आला, त्यातला एक डायनोसॉर संपण्याच्या जरा आधी. दुसरे म्हणतात, तो जवळपास सलग आला आणि बहुतांश डायनोसॉर गेल्यावर. एका गोष्टीवर मात्र एकमत आहे : हा सगळा खेळ दहा लाख वर्षांच्या आत आटोपला.

म्हणजे आपल्या डोंगरांच्या या चळतीत खरा वेळ मावलाय तो काळ्या पाषाणात नव्हे, तांबड्या पट्ट्यांत. एकेक लोंढा थिजायला काही वर्षं, फार तर काही दशकं लागली असतील, पण हातभर माती व्हायला हजारो वर्षं जातात.

घारगाव-बोट्याच्या धक्क्यांचा या थरांशी फारसा संबंध नाही. भूकंप बेसाल्टखालच्या जुन्या खडकातल्या भेगांवर होतात, आणि कोयनेला ३,००० मीटर उतरण्याचं कारणही तेच होतं. त्यावर वेगळा लेख लागेल. तो हिमालयाच्या आधी की नंतर, हे अजून ठरलेलं नाही.