'परिवर्तन' : एका शब्दाचे मर्म

महाशिवरात्रीस गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या तीरावरील मार्कंडादेव येथे मोठी यात्रा भरते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशातून भाविकांचे थवेच्या थवे मार्कंडेश्वराच्या दर्शनास लोटतात. या पुण्यपर्वाच्या निमित्ताने आम्ही येथे एका शब्दाचा विचार करीत आहोत. तो शब्द म्हणजे 'परिवर्तन'.

हल्ली हा शब्द सरसकट 'बदल' या अर्थी योजला जातो. वस्तुतः 'वृत्' या धातूस 'परि' हा उपसर्ग लागून तो सिद्ध झाला आहे. त्याचा मूळ अर्थ फिरणे, वळणे. भाद्रपद शुद्ध एकादशीस भगवान विष्णू योगनिद्रेत कूस पालटतात, म्हणून ती परिवर्तिनी एकादशी. कूस पालटली, तरी देव तोच! 'रूपांतर' निराळे. दुधाचे दही होते, ते रूपांतर. दह्याचे पुन्हा दूध होत नाही.

हा अर्थ वैनगंगा आपल्या डोळ्यांपुढे उभा करते. दक्षिणेकडे वाहत येणारी ही नदी मार्कंड्यापाशी उत्तरवाहिनी होते. पाणी तेच, नाव तेच. दिशा तेवढी पालटते, आणि तेवढ्यानेच तेथे तीर्थ होते. पुढे चपराळ्याजवळ वर्धेशी संगम होऊन ती प्राणहिता म्हणविते, ते नामांतर. मार्कंडेयाच्या कथेतही बालकाचा देह तोच राहिला; शिवलिंगास मिठी मारून बसलेल्या त्या भक्तापासून माघारी वळला तो यम.

'वर्तन' हा शब्दही याच धातूचा. वर्तन वळले नाही, तर परिवर्तन कसले? याच अरण्यप्रदेशातील उदाहरण पाहावे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. कायद्याचे साहाय्य मोठेच. परंतु तो येतो, तसा जातोही. यात्रेहून परतलेल्या गृहस्थाने स्वतः होऊन व्यसन सोडले, तर त्याचे ते व्रत उठविण्याचा अधिकार कोणत्याच शासनास नाही.

महाशिवरात्रीस घरोघरी रुद्राची आवर्तने होतात. आवर्तन म्हणजे फिरून त्याच स्थानी येणे, परिवर्तन म्हणजे तेथून वळणे. आवर्तनांची संख्या आपण मोजतोच; आपल्या एका तरी सवयीची दिशा यंदा वळली काय, हेही भाविकांनी शिवापुढे हात जोडताना मनाशी ताडून पाहावे.