उतरत्या छपरातली खिडकी (भाग ६) : काप कोणत्या दिशेचा?

आज डॉर्मरकडे वळायचे ठरले होते, पण ते पुढच्या आठवड्यात. गेल्या भागातली १२०० मिलिमीटर उंचीची खिडकी आराखड्यात १०३९ मिलिमीटरच का भरते, असे एका वाचकाने विचारले आहे. आकडा बरोबर आहे. आपले पाखे ३० अंशांचे. खिडकीची उंची पाख्यावर मोजलेली, आराखडा मात्र वरून पाहिलेला. म्हणून १२०० ला ३० अंशांच्या कोसाइनने गुणले की १०३९ येतात. पण या प्रश्नाच्या पोटात त्याहून मोठा प्रश्न आहे: छपराच्या जाडीतून भोक कोणत्या दिशेने आरपार जाते?

भिंतीत हा प्रश्न उद्भवत नाही. भिंत ओळंब्यात उभी असते, त्यामुळे तिच्या पृष्ठाला काटकोनात घेतलेला काप आपोआप पाणसळीत येतो. पाखे तिरके झाले की काटकोन, ओळंबा आणि पाणसळ या तीन दिशांची फारकत होते. मॉडेल काढायच्या सॉफ्टवेअरमध्येही ही निवड असते: रेव्हिटमध्ये ‘बाय फेस’ने पाडलेले भोक पाख्याला काटकोनात जाते, ‘व्हर्टिकल’ने पाडलेले ओळंब्यात. फ्रीकॅडमध्ये छपराच्या पृष्ठावर स्केच काढून खिडकी केली, तर भोक काटकोनातच पडते. छपराची जाडी २०० मिलिमीटर धरली, तर काटकोनी आणि ओळंब्यातल्या कापांच्या आतल्या कडांमध्ये उतारावर ११५ मिलिमीटरचा फरक पडतो. दोन्ही प्रकारांत एक उणीव सारखीच राहते: वरची आणि खालची कड परस्परांना समांतर, म्हणून भोक आतही १२०० चेच.

माझ्या मते खालची कड ओळंब्यात आणि वरची पाणसळीत कापावी. व्हेलक्ससारखे छपराच्या खिडक्यांचे उत्पादकही हीच रीत सुचवतात. खालची कड आतल्या बाजूला उताराकडे ११५ मिलिमीटर सरकते, वरची आढ्याकडे ३४६. बाहेर १२०० असलेले भोक आत १६६१ मिलिमीटरचे होते. काच तेवढीच राहते, पण उजेड खोलीत पसरायला मोकळी वाट मिळते. हे मॉडेलमध्ये आणायचे तर खिडकीचा उभा छेद काढा, त्यात या दोन कडांचा चौकोन आखा आणि तो खिडकीच्या रुंदीइतका ओढा. फ्रीकॅडमध्ये हा घन खिडकीच्या ‘सबव्हॉल्यूम’ला द्यावा, रेव्हिटमध्ये फॅमिलीतला व्हॉइड म्हणून वापरावा. घनाची टोके दोन्ही पृष्ठांच्या थोडी बाहेर काढा, नाहीतर भोकावर पातळ पापुद्रा राहण्याचा धोका असतो.

यावर पहिला आक्षेप असा की चौकट पाख्याच्या प्रतलातच बसते, पाणी अडवणारा पत्राही त्याच हिशेबाने बनतो, मग काटकोन का सोडायचा? चौकट आणि पत्रा जिथल्या तिथेच राहतात. बदलतो तो छपराच्या जाडीतला आतला गाळा. दुसरा आक्षेप, हे मिस्त्री जागेवर ठरवेल. काचेच्या कौलापुरते ते चालेल: ते कौलाच्याच जागी बसते, त्याला वासा कापावा लागत नाही. पण खिडकी वाशांमधल्या अंतरापेक्षा रुंद असली की वासा कापावाच लागतो, आणि त्याचा भार शेजारच्या वाशांवर नेणारा आडवा तुकडा कुठे बसवायचा हे आतल्या लांबीवर ठरते. मॉडेलमध्ये १२०० आणि प्रत्यक्षात १६६१ असेल, तर तो तुकडा नेमका गाळ्याच्या वाटेत येतो. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. उतार १५ अंशांचा असेल, तर पाणसळीतली वरची कड आत ७४६ मिलिमीटर सरकते आणि छताचा फार मोठा भाग खाते. तिथे मधला कोन घ्यावा लागतो.

म्हणून कोन आपण ठरवायचा, सॉफ्टवेअरने आपसूक दिलेला गृहीत धरायचा नाही. डॉर्मरकडे येण्यापूर्वी आपल्या मॉडेलमधल्या एका खिडकीचा उभा छेद काढा आणि तिची आतली लांबी मोजून ठेवा. पुढच्या भागात ती लागेल.