बारापैकी आठ

महसूल खात्यात चौतीस वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो असल्यामुळे, कोणताही आकडा दृष्टीस पडला की तो कोणी लिहिला आणि लिहिल्यानंतर दुसऱ्या कोणी तपासला काय, हा प्रश्न माझ्या मनात आपोआप उभा राहतो. गेल्या श्रावणात आर्वीहून पुलगावकडे येणाऱ्या एस.टी.त शेजारच्या बाकावरील एका मुलीच्या मांडीवरच्या वहीत जे आकडे मी पाहिले, त्यांच्या संबंधात तर तो असा हटून बसला की त्याचा छडा लावल्यावाचून मला राहवेना. गाडी हिंदकळत होती, खिडकीच्या फटीतून पावसाचे तुषार आत येत होते, आणि ती मुलगी डाव्या हातातील मोबाइलवरचा प्रश्न वाचून उजव्या हाताने तीन ओळी व तीन स्तंभांची चौकट मांडीत होती, खोडरबराने खोडीत होती आणि खोडलेल्या जागीच पुन्हा मांडीत होती. परीक्षा आहे काय, असे मी विचारले. “नाही काकाजी, असाइनमेंट आहे. बुधवारच्या राती अकरा एकोणसाठपर्यंत द्या लागते,” ती म्हणाली, आणि माझ्या चेहऱ्यावरील चिंता पाहून मलाच धीर द्यावा अशा सुरात तिने पुस्ती जोडली, “पण टेन्शन नाही. बारापैकी आठच धरतेत.”

रोहण्याला ती उतरून गेली. ‘बारापैकी आठ’ हे शब्द मात्र पुलगावपर्यंत माझ्या सोबतीला आले.

उतरण्यापूर्वी गाव आणि आडनाव विचारण्याची खात्यातील जुनी खोड मी पुरवून घेतली होती, आणि त्यावरून निघाले ते असे की तिच्या आजोबांच्या पश्चात झालेला वारसाचा फेरफार मंडळ अधिकारी या नात्याने मीच प्रमाणित केला होता. एवढी ओळख पुरे झाली. भाद्रपदातील एका बुधवारी, मुदतीच्या रात्री, तिच्या वडिलांची परवानगी घेऊन मी त्यांच्या घरी जाऊन बसलो. मुलीचे व तिच्या महाविद्यालयाचे नाव येथे देत नाही. त्याने कोणाचेच भले होणार नाही.

प्रकार थोडक्यात असा आहे. केंद्र सरकारने जुलै २०१७ मध्ये ‘स्वयं’ या नावाने आंतरजालावरील अभ्यासक्रमांची एक व्यवस्था सुरू केली. त्यापूर्वी, २००३ पासून, आय.आय.टी. आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी एनपीटेल या उपक्रमाखाली आपल्या प्राध्यापकांची व्याख्याने चित्रित करून सर्वांस खुली करण्याचे काम हाती घेतलेच होते. आता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक अशा अभ्यासक्रमांतून मिळविता येतात. आमची मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असून तिने रेषीय बीजगणिताचा, म्हणजे मुले ज्याला लिनिअर अल्जेब्रा म्हणतात त्याचा, बारा आठवड्यांचा पाठ घेतला आहे. शिकण्यास पैसा पडत नाही; प्रमाणपत्र हवे असल्यास परीक्षेचे हजार रुपये भरावे लागतात आणि नेमलेल्या केंद्रावर जाऊन संगणकासमोर बसावे लागते. तिने नागपूर निवडले आहे. परीक्षेला पंचाहत्तर गुण, घरी सोडविलेल्या साप्ताहिक प्रश्नांना पंचवीस. आणि हे पंचवीस देताना बारा आठवड्यांतील उत्तम आठांचीच सरासरी धरली जाते. उरलेले चार आठवडे हिशेबातून वजा.

सवलत उदार आहे, हे मी प्रथमच मान्य करतो. ज्या प्रदेशात जुलैपासून निंदण, डवरणी, खत, फवारणी असा कामांचा तगादा सुरू होतो आणि ऐन परीक्षेच्या सुमारास सोयाबीन सोंगणीला येते, तेथे एखादा आठवडा हातचा जाणे हे आळसाचे लक्षण नव्हे. वीज जाते. मनोऱ्याची रेंज जाते. घरी आजारपण येते. ज्याने ‘बारापैकी आठ’ ठरविले त्याला मनुष्याच्या अडचणींची जाण असली पाहिजे.

परंतु तिच्या वडिलांना ही सवलत पटलेली दिसली नाही. दिवसभर कपाशीवर फवारणी करून ते नुकतेच आंघोळ करून बसले होते, तरी औषधाचा तो उग्र, गोडसर, घशाशी येणारा वास पडवीत रेंगाळत होता, आणि त्या रात्रीची आठवण म्हटली की बीजगणिताच्या आधी मला तो वासच येतो. “सर, एक सांगा,” ते म्हणाले, “बारा तासातले आठच तास निंदले, तं चार तासातलं गवत कुठं जाईन?” आमच्याकडे पिकाच्या ओळीला तास म्हणतात. पोरीच्या वहीतही ओळीच होत्या, आणि महाविद्यालयातील व्याख्यानाच्या वेळेलाही तासच म्हणतात. त्यांच्या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकलो नाही. “बीजगणित म्हणते ना ते,” थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, “बीज म्हंजे बियाणंच ना?” मी होय म्हणून टाकले, आणि तितकेसे चुकलो असेन असे वाटत नाही; कारण बीज म्हणजे अक्षरांची चिन्हे नव्हेत, मती हेच बीज होय, असा अभिप्राय खुद्द भास्कराचार्यांचा आहे.

आता त्या रात्रीचे काम. आठवड्याची व्याख्याने ऐकून टिपणे काढणे, प्रश्नपत्र उघडणे, चार पर्यायांपैकी एकावर बोट ठेवणे, हा नित्यक्रम साडेदहापर्यंत उरकला होता. मुदत संपेपर्यंत उत्तर कितीही वेळा बदलता येते आणि शेवटचे दिलेले तेवढे धरले जाते, हे मला पाटी पुसण्यासारखे वाटून आवडले. एक प्रश्न मात्र उरला होता. पहिल्या ओळीत एक, दोन, तीन. दुसऱ्या ओळीत दोन, पाच, तीन. तिसऱ्या ओळीत एक, शून्य आणि ‘के’. या सारणीने बांधलेल्या समीकरणांना एकमेव उत्तर नसावे, असे हवे असेल तर ‘के’ची किंमत किती?

मुलगी तुरीच्या पोत्याला टेकून बसली होती, गुडघ्यावर दोनशे पानी वही, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केलेला. ती पुटपुटत होती, आणि ते पुटपुटणे, वऱ्हाडी हेलातील इंग्रजी मंत्रासारखे, ऐकण्यासारखे होते: “आर टू मायनस टू आर वन.” दुसरी ओळ झाली शून्य, एक, उणे तीन. “आर थ्री मायनस आर वन.” तिसरी झाली शून्य, उणे दोन आणि शेवटी ‘के’ अधिक तीन. “आर थ्री प्लस टू आर टू.” पहिली दोन घरे शून्य झाली, तिसऱ्यात ‘के’ वजा तीन उरले. म्हणजे ‘के’ बरोबर तीन. तिने यंत्रात तीन टाकले. यंत्राने ते निमूट स्वीकारले. बरोबर की चूक, हे ते मुदत संपल्यावरच सांगते.

येथे काम संपले असे मला वाटले, आणि पुष्कळांचे येथेच संपत असावे. तिने मात्र पान उलटले, मूळ सारणी पुन्हा मांडली, ‘के’च्या जागी तीन लिहिले आणि निश्चयक काढावयास घेतला. पंधरा, वजा सहा, वजा पंधरा. “मायनस सहा आलं,” ती म्हणाली. “झीरो याले पाहिजे होतं.” ती ताळा पाहत होती! हा शब्द तिने उच्चारला नाही, बहुधा तिला तो कोणी शिकविलाही नसेल. पण कचेरीत आम्ही ज्याला ताळा म्हणत असू, म्हणजे काढलेले उत्तर मूळ हिशेबात परत घालून तो मिळतो की नाही हे पाहणे, तेच ती रात्री साडेअकरा वाजता, कोणीही सांगितलेले नसताना, ज्यासाठी एकही गुण नाही असे असताना, करीत होती. मग तिने पेन्सिलीचे टोक एकेका ओळीवर ठेवीत वर जावयास सुरुवात केली. तिसऱ्या ओळीशी टोक थांबले. ‘के’तून तीन वजा करावयाचे होते, तिने मिळविले होते. “अगं माय,” असे म्हणून तिने ते अधिकचिन्ह इतक्या जोराने खोडले की कागद पातळ झाला आणि रबराचा भुगा फुंकरीने तांब्यावर उडाला. ‘के’ वजा नऊ. ‘के’ बरोबर नऊ. पुन्हा ताळा: पंचेचाळीस, वजा तीस, वजा पंधरा. शून्य. अकरा वाजून बावन्न मिनिटांनी नऊ हा आकडा रुजू झाला.

एका चिन्हाची ही गोष्ट. भास्कराचार्य ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत, आणि अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे देऊन त्यांची आद्याक्षरे मांडीत. ११५० मधल्या त्यांच्या बीजगणितावरील ग्रंथाच्या नकला करणाऱ्या कितीजणांनी एखादे टिंब गाळले असेल, आणि ते कितीजणांना गुरूने दाखवून दिले असेल, याचा विचार मी परतीच्या वाटेवर करीत होतो. कारण गुरूची सोय त्या काळी केली गेली होती, याला शिलालेखाचा पुरावा आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेल्या लेखात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने व त्याच्या भावाने त्याला दाने दिली, असे नमूद आहे. या लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे, आणि माझ्यासारख्या महसुली माणसाला तोच अधिक प्रिय: बाजारातील मालावर काय घ्यावे, चालत्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल कसे द्यावे, अशी त्यात तजवीज आहे. बीजगणित शिकविणाऱ्याचा दिवा जळावा म्हणून गावच्या तेल्याने पळीपळी तेल घालावयाचे! आज आपण त्याऐवजी मोबाइलचे रिचार्ज मारतो, आणि ते शिकणाऱ्याने स्वतःच्या खिशातून.

मी व्याख्यानांना नावे ठेवीत नाही. तांब्याला टेकलेल्या त्या काचेत मी स्वतः अर्धा तास एक प्राध्यापक पाहिले. ते इतके स्वच्छ, इतके न घाईचे शिकवीत होते की आमच्या वेळी असे कोणी भेटते तर मी कदाचित इंटरला गणितात गटांगळी खाल्ली नसती. आमच्या मुलीच्या स्वतःच्या महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक तासिका तत्त्वावर आहेत, आणि त्यांची नेमणूक होईपर्यंत निम्मे सत्र सरते. तेव्हा दूरच्या त्या विद्वानाचे ऋण मोठेच आहे. तक्रार आहे ती वहीसंबंधी. यंत्र शेवटची ओळ मागते. वरच्या साऱ्या ओळी, जिथे खरोखर बीजगणित घडते, त्या कोणीही पाहत नाही. तलाठ्याने धरलेला फेरफार मंडळ अधिकाऱ्याने पाहिल्याशिवाय सातबाऱ्यावर चढत नाही. एका गुंठ्याच्या नोंदीला दोन माणसांचे डोळे लागतात, आणि मुलीच्या दोनशे पानी वहीला एकाचेही नाहीत.

याच वर्षी घडलेली एक हकीकत तिने हसत हसत सांगितली. महाविद्यालयाची अंतर्गत चाचणी मोबाइलवरील एका नमुन्यात भरून द्यावयाची होती. तिच्या मोबाइलचा कळफलक मराठीवर राहिला होता, म्हणून उत्तर तीन असताना तिने मराठी तीन लिहिला. यंत्राला इंग्रजी तीन ठाऊक होता. गुण शून्य. तिने वही नेऊन दाखविली. पाहणाऱ्याने उत्तर बरोबर आहे असे मान्य केले, आणि यादी वर गेली असल्यामुळे आता फेरफार होणे नाही, असेही सांगितले. पंधराव्या पानावर तो प्रश्न आहे. मी पाहिला. पायऱ्या पाच, चूक एकही नाही. तिथे पेन्सिलीने एक बरोबरची खूण करावी असे मला फार वाटले, पण मी गणितात नापास झालेला माणूस. माझ्या खुणेला काय किंमत!

पुलगाव, विरूळ, रोहणा, आर्वी या टापूत आयुष्यभर गणित शिकवून आता घरी बसलेले जे कोणी सद्गृहस्थ वा भगिनी असतील, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी आपापल्या गावातील अशा एका तरी मुलाची वा मुलीची वही आठवड्यातून एकदा मागवून घ्यावी आणि शेवटची ओळ सोडून वरच्या ओळी वाचाव्यात. रोहण्याची ही मुलगी संध्याकाळी सातनंतर घरी असते. बुधवार सोडून कोणताही वार चालेल.