ओळख रसायनांची (भाग 9) : विहिरीत पडणारी टीसीएल पावडर

तुरटीने पाण्यातला गाळ कसा खाली बसतो, ते गेल्या आठवड्यात पाहिले. गाळ बसला तरी जंतू उरतात. त्यांचा बंदोबस्त करते ग्रामपंचायतीच्या पोत्यातली ब्लीचिंग पावडर, म्हणजेच टीसीएल. भालचंद्र गणपतीच्या लिंबागणेशला चतुर्थीला बाहेरगावचे भाविक येतात. अशा गावात या पावडरीवर गावकऱ्यांचीच नव्हे, पाहुण्यांचीही तब्येत अवलंबून असते. पण ती हाताळणाऱ्याच्या जिवाचा विचार फारसा होत नाही, म्हणून आजचा भाग त्यावर.

चुन्यात क्लोरीन मुरवून ही पावडर बनवतात. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी 1799 मध्ये तिचे पेटंट घेतले, ते कापड पांढरे करण्यासाठी. पाण्यात पडली की तिच्यापासून हायपोक्लोरस आम्ल तयार होते. ते जंतूच्या आवरणातून आत शिरते, तिथल्या प्रथिनांचे इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि जंतू मरतो. हेच ऑक्सिडीकरण. मात्र या रसायनाला जंतू तेवढा ओळखता येत नाही. कुजका पाला, शेवाळ, माणसाची कातडी, डोळ्याचा पडदा, सांडलेले डिझेल, समोर येईल त्याच्यावर ते तुटून पडते. पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्यात नेहमीची मात्रा कमी पडते ती यामुळेच. क्लोरीन चिखलातल्या घाणीवरच खर्च होतो.

ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो. ऊन, ओल आणि उघडे तोंड यांनी तो उडून जातो, आणि 20 टक्क्यांच्या खाली गेला की ती पावडर पाणी शुद्ध करायला निकामी ठरते. चांगली पावडर असेल तर स्वच्छ पाण्याच्या 1000 लिटरला साधारण 2.5 ग्रॅम पुरते. विहिरीचा व्यास 6 मीटर आणि पाणी 3 मीटर असेल, तर पाणी सुमारे 85,000 लिटर भरते, म्हणजे पावडर 200 ग्रॅमच्या थोडी वर लागते. ती कोरडी फेकू नये. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवावी, मग पाणी वाढवावे, चुना तळाला बसू द्यावा आणि वरचे निवळ तेवढे विहिरीत सोडावे. अर्ध्या ते एका तासाने ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीत पिवळा रंग दिसला, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे.

आता धोक्याकडे. ही पावडर स्वतः पेटत नाही, पण शेजारच्या वस्तूला पेटवते. तेल, ग्रीस, डिझेल, लाकडाचा भुसा यांच्याशी संपर्क आला की उष्णता वाढत जाते. 65 ते 70 टक्के क्लोरीनचे कॅल्शियम हायपोक्लोराइट तर याहून कितीतरी तापट. 1998 मध्ये ब्राझीलजवळ ‘डीजी हार्मनी’ या मालवाहू जहाजाला आग लागली ती याच मालामुळे. युरिया किंवा अमोनियायुक्त खत ओल्या पावडरीत मिसळले तर विषारी, प्रसंगी स्फोटक संयुगे बनतात. संडास धुण्याचे ॲसिड पडले तर थेट क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा अडीच पट जड असल्याने बंद खोलीत जमिनीलगत साचतो. बादली एकच ठेवायची आणि आज ॲसिडला, उद्या टीसीएलला वापरायची, ही सवय मला सर्वांत घातक वाटते.

पावडर डोळ्यात गेली तर निदान 15 मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे आणि दवाखाना गाठावा. लिंबू किंवा व्हिनेगर लावू नये, आम्लामुळे उलट क्लोरीन सुटतो. वायूचा वास आला तर वाऱ्याच्या उलट दिशेला, उंच जागी जावे.

सरपंच आणि ग्रामसेवकांना विनंती आहे. टीसीएलचे पोते खत, डिझेल आणि ॲसिड यांच्यापासून दूर, कोरड्या व हवेशीर खोलीत फळीवर ठेवा आणि पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला रबरी हातमोजे, मास्क व चष्मा द्या. हा खर्च पावसाळा सुरू होण्याआधी मंजूर करून घ्या.