पानावरची पांढरी पूड : कुंडीतल्या झाडांची भुरी, केवडा आणि आपली घाई

मागच्या वेळी आपण कुंडीतल्या मातीबद्दल बोललो, आज पानांकडे वळू. गच्चीवर नाहीतर बाल्कनीत चार कुंड्या ठेवणाऱ्या माणसाला एक दिवस हमखास धक्का बसतो. काल हिरवीगार असलेली काकडीची किंवा गुलाबाची पानं आज पिठात बुडवल्यासारखी दिसतात. मग पहिला प्रश्न येतो, "यावर काय मारू?" आमचं म्हणणं असं, की हा प्रश्न दुसरा हवा. पहिला प्रश्न, "हे आहे काय?"

हे आम्ही शहाणपणाने सांगत नाही, नुकसान सोसून सांगतोय. काही वर्षांपूर्वी आमच्या गच्चीवर दोन क्रेटमध्ये काकडीचे वेल होते. पावसाळा होता. पानांवर पिवळे ठिपके दिसले. आम्ही एक पान खिशात घालून दुकानात गेलो. दुकानदाराने पान न बघताच पुडी दिली, "बुरशीचं औषध आहे, चालतं सगळ्याला." ते होतं गंधक. आम्ही दोनदा फवारलं आणि आठ-दहा दिवसांत दोन्ही वेल वाळून गेले. औषध खोटं नव्हतं. रोग वेगळा होता.

भुरी आणि केवडा

आता बघा, शेतकरी दोन वेगळे शब्द वापरतो, भुरी आणि केवडा. आपण दोन्हींना सरसकट "बुरशी" म्हणतो, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

भुरी ही खरी बुरशी. ती पानाच्या वर पसरते आणि वरच्या पेशींत बारीक मुळ्यांसारखे तंतू खुपसून रस ओढते. पूड बहुतेक वेळा पानाच्या वरच्या बाजूला दिसते आणि बोटाने पुसली तर बोटाला लागते. गंमत म्हणजे तिला रुजायला पानावर पाणी लागत नाही. तिच्या बीजाणूतच पुरेसं पाणी असतं. उलट पान ओलं राहिलं तर तिचं बिघडतं. म्हणून ती धो धो पावसात कमी आणि पाऊस सरल्यावर, गार रात्री आणि कोरडे दिवस सुरू झाले की जोरात येते.

केवड्याचं अगदी उलट. तो दिसतो बुरशीसारखा, पण शास्त्राच्या हिशेबाने तो खऱ्या बुरशीत मोडत नाही, पाण्यातल्या शेवाळांच्या जवळच्या गटातला आहे. त्याला पानावर पाण्याचा थर लागतोच. वरून पिवळे ठिपके पडतात, वेलवर्गीय भाज्यांत ते शिरांच्या चौकटीत अडकून कोनदार दिसतात. सकाळी पान उलटं केलं तर खाली राखाडी-जांभळट लव दिसते. गंधक भुरीवर चालतं, केवड्यावर चालत नाही. आमची काकडी गेली ती इथे.

आणखी दोन फसगती सांगून ठेवतो. भोपळ्याच्या काही जातींच्या पानांवर शिरांलगत जन्मतःच चंदेरी चट्टे असतात. ते पुसले जात नाहीत, तो रोग नव्हे. आणि जास्वंदीच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं, चिकट काही असेल, त्यावर मुंग्या फिरत असतील, तर तो पिठ्या ढेकूण. तो कीटक आहे, त्याला बुरशीनाशक मारून काहीही होणार नाही.

आधी हात, मग औषध

निम्मं काम फवारणीशिवाय होतं. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवू नका, वारा खेळू द्या. पाणी सकाळी आणि बुंध्याशी घाला. गुलाबावरचे काळे ठिपके पान सलग सात-आठ तास ओलं राहिलं की रुजतात, म्हणून संध्याकाळी पानांवर पाणी मारायची सवय सोडा. रोगट पानं काढून पिशवीत बांधून टाका, घरच्या खतात नको. पण एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त पानं काढू नका, झाड शेवटी पानांवरच जगतं. आणि नत्राचं खत जरा हात राखून द्या. लुसलुशीत कोवळी पानं भुरीला फार आवडतात.

भुरी सुरुवातीची असेल तर दूध वापरून बघा. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा, उन्हाच्या वेळी. हसू नका, ब्राझीलमध्ये 1999 साली काकडीच्याच कुळातल्या एका भाजीवर हा प्रयोग रीतसर करून प्रसिद्ध झाला आहे. खाण्याचा सोडाही काही प्रमाणात चालतो, पण त्यातलं सोडियम कुंडीच्या मूठभर मातीत साठत जातं, म्हणून तो वारंवार नको.

याने भागलं नाही तर पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला साधारण दोन ग्रॅम, पाकिटावरचं प्रमाण बघून. तीन गोष्टी पाळा. तापमान 32 अंशांच्या वर असताना मारू नका, पानं भाजतात. निंबोळी तेल मारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. आणि वेलभाज्यांवर आधी दोन पानांवर मारून दोन दिवस थांबा.

केवड्यासाठी, करप्यासाठी जुना उपाय म्हणजे बोर्डो मिश्रण. याची जन्मकथा छान आहे. फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना भीती वाटावी म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडत. त्याच वेलींची पानं शाबूत आहेत, हे मिलार्दे या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, आणि 1885 साली त्याने हे मिश्रण जगापुढे मांडलं. आपल्याला लिटरभर हवं असेल तर दहा ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटरात, दहा ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता. घासलेला लोखंडी खिळा बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा. आणि एक लक्षात असू द्या, तांबं कुंडीतून कुठे जात नाही. दर आठवड्याला मारलं तर मातीतले जिवाणू आणि गांडुळं मरतात.

कशासाठी लावलं होतं?

शेवटचं, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं. शेतकऱ्याला निदान काढणीआधी किती दिवस थांबायचं हे माहीत असतं. गच्चीवर आपण सकाळी फवारतो आणि संध्याकाळी नातवंडं तिथलाच टोमॅटो तोडून न धुता तोंडात टाकतात. घरची, बिनविषारी भाजी मिळावी म्हणून आपण कुंड्या लावल्या, हे औषधाची बाटली हातात असताना आठवावं. कोथिंबीर, पालक, पुदिना यांच्यावर रोग आला तर आम्ही काही मारतच नाही. उपटतो आणि पुन्हा पेरतो. दहा रुपयांच्या बियांसाठी घरात विष आणायचं नाही.

तेव्हा मंडळी, उद्या सकाळी एवढंच करा. एक पान उलटं करून बघा, बोटाने पुसून बघा, आणि गेल्या आठ दिवसांत हवा कशी होती ते आठवा. नाव कळलं की उपाय निम्मा सापडला. आता तुमचे प्रश्न घेऊ. पानं सोबत आणली असतील तर पुढे द्या, पण पिशवीतून काढू नका हं, शेजाऱ्याच्या कुंडीला लागायची!