हाताने जुळवायची दूरदृष्टी : जुन्या टेलिफोटो लेन्सची निवड आणि वापर

परभणी : जिंतूर तालुक्यातील येलदरी जलाशयाचे पाणी हिवाळ्यात ओसरू लागले की काठचा चिखल उघडा पडतो आणि त्यावर पाणपक्ष्यांची वर्दळ सुरू होते. पूर्णा नदीवरील हे धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. सकाळच्या कोवळ्या उन्हात काठावर बसलेली चक्रवाकांची जोडी कॅमेऱ्यात टिपावी, असे तेथे गेलेल्या प्रत्येक हौशी छायाचित्रकाराला वाटते. घरी येऊन छायाचित्र पडद्यावर उघडले की मात्र निराशा पदरी पडते. भरपूर पाणी, भरपूर आकाश आणि मध्ये तिळाएवढा एक तांबूस ठिपका!

यात छायाचित्रकाराचा दोष नसतो, गणिताचा असतो. चक्रवाकाची लांबी साधारण ६० सेंटिमीटर. तो ६० मीटरवर बसला असेल, तर ५० मिलिमीटरच्या लेन्समधून कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडणारी त्याची प्रतिमा जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते. ३०० मिलिमीटरच्या लेन्सने ती ३ मिलिमीटर होते. सर्वसाधारण डीएसएलआर कॅमेऱ्याच्या सेन्सरची रुंदी सुमारे २४ मिलिमीटर असते. म्हणजे ‘मोठी’ लेन्स लावूनही पक्षी चौकटीचा आठवा हिस्साच व्यापतो. पक्ष्यापासून २० मीटरवर जाता आले, तर हीच प्रतिमा ९ मिलिमीटरची होते. लांब पल्ल्याच्या लेन्सबद्दल बाळगल्या जाणाऱ्या बऱ्याचशा भाबड्या कल्पना एवढ्या हिशेबाने दूर व्हाव्यात. लेन्स अंतर कमी करते. नाहीसे करत नाही.

आपोआप फोकस करणाऱ्या, पक्षी छायाचित्रणास योग्य अशा चांगल्या टेलिफोटो लेन्सची किंमत आज दीड लाख रुपयांच्या आसपास वा त्याहून अधिक असते. परभणी, गंगाखेड किंवा सेलूसारख्या ठिकाणी राहून छंद जोपासणाऱ्या विद्यार्थ्याला वा शिक्षकाला हा खर्च परवडणारा नाही. अशा वेळी फिल्मच्या जमान्यातील, हाताने फोकस करावयाच्या जुन्या लेन्सचा पर्याय पुढे येतो. २०० मिलिमीटरची चांगली जुनी लेन्स आजही काही हजारांत मिळू शकते. गावोगावच्या फोटो स्टुडिओंच्या कपाटांत पेंटॅक्स के-१०००, निकॉन एफएम-२, याशिका एफएक्स-३ अशा कॅमेऱ्यांबरोबर त्यांच्या लेन्सही पडून असतात. लग्नसराईत राबलेल्या या भिंगांची काच अनेकदा उत्तम असते. मात्र पैसे मोजण्यापूर्वी काही गोष्टी नीट समजून घेतल्या नाहीत, तर ‘स्वस्तात मस्त’ म्हणून घेतलेली वस्तू पुन्हा कपाटातच जाऊन बसते.

आधी कॅमेरा, मग लेन्स

सर्वांत मोठी फसगत होते ती लेन्स आणि कॅमेरा यांच्या जोडाबाबत. लेन्सच्या मागच्या कडेपासून सेन्सरपर्यंतचे अंतर प्रत्येक पद्धतीत ठरलेले असते. निकॉनच्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिलिमीटर आहे, कॅनॉनच्या ईओएस डीएसएलआरमध्ये ४४ मिलिमीटर, तर कॅनॉनच्याच जुन्या एफडी पद्धतीत ४२ मिलिमीटर. कॅमेऱ्याचे हे अंतर लेन्सच्या अंतरापेक्षा कमी असेल, तर मधल्या जागेत एक साधी कडी, म्हणजे अॅडाप्टर, बसवून काम भागते. ते जास्त असेल, तर लेन्स दूरच्या वस्तूंवर फोकसच होत नाही. त्यामुळे निकॉनची जुनी लेन्स कॅनॉनच्या डीएसएलआरवर सुखाने नांदते आणि कॅनॉनची स्वतःची एफडी लेन्स मात्र त्यावर चालत नाही! त्यासाठी काच असलेला अॅडाप्टर मिळतो. पण स्वस्त अॅडाप्टरमधील ती काच लेन्सच्या मूळ गुणवत्तेवर पाणी फिरवते.

एम-४२ या आटे असलेल्या लेन्सचेही तसेच. कॅनॉनवर त्या साध्या कडीने चालतात, निकॉनच्या डीएसएलआरवर अनंत अंतरापर्यंत पोहोचत नाहीत. आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांनी हा प्रश्न जवळजवळ मिटवला आहे. त्यांच्यातील हे अंतर १६ ते २० मिलिमीटरच्या घरात असल्याने जवळपास कोणतीही जुनी एसएलआर लेन्स त्यांवर बसवता येते.

निकॉनची मंडळी आणखी एका बाबतीत गोंधळतात. या कंपनीने १९५९ पासून एफ माउंट जपला खरा, पण १९७७ मध्ये ‘एआय’ नावाची सुधारणा आणली. त्यापूर्वीची, बदल न केलेली लेन्स पुढच्या अनेक कॅमेऱ्यांवर बळेच बसवली, तर कॅमेऱ्याच्या जोडाला इजा होऊ शकते. एआय लेन्स बसते. मात्र डी-३००० वा डी-५००० मालिकेतील प्राथमिक कॅमेऱ्यांवर तिच्याबरोबर प्रकाशमापन चालत नाही. शटरचा वेग अंदाजाने ठरवावा लागतो. डी-२००, डी-३००, डी-७००० हे कॅमेरे मात्र तिच्यासह प्रकाश मोजतात. डिजिटलमध्ये चाचणीसाठी रोल खर्च होत नसल्याने अंदाजाची सवयही दोन-चार सकाळींत जडते.

किती लांब, किती उजळ

पहिली लेन्स ५०० मिलिमीटरची असावी, असा मोह बहुतेकांना होतो. तो आवरलेला बरा. २०० मिलिमीटर, एफ/४ ही जुन्या लेन्समधील सर्वांत समंजस निवड म्हणावी लागेल. निकॉनच्या अशा एआय लेन्सचे वजन सुमारे अर्धा किलो आहे, ती २ मीटरपर्यंत जवळचे फोकस करते आणि दिवसभर गळ्यात वागवता येते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तिचे दृश्यक्षेत्र ३०० मिलिमीटरइतके अरुंद होते. फुलपाखरे, यात्रेतील चेहरे, शेतातील कामे, चारठाण्याच्या प्राचीन मंदिरांवरील उंचावरची शिल्पे यांसाठी ती पुरेशी आहे. शिल्पांच्या बाबतीत तर लांब लेन्सचा वेगळाच लाभ होतो. मंदिराच्या पायथ्याशी उभे राहून कॅमेरा वर रोखला की मूर्ती मागे कलल्यासारखी दिसते; थोडे दूर जाऊन लांब लेन्सने टिपली की तिची प्रमाणबद्धता टिकते.

पक्ष्यांसाठी ३०० मिलिमीटर ही किमान गरज. एफ/४.५ क्षमतेच्या ३०० मिलिमीटर लेन्स अनेक कंपन्यांनी काढल्या. सोव्हिएत बनावटीची ‘ताइर-३’ ही त्यांतलीच. ‘फोटोस्नायपर’ नावाच्या संचात ती बंदुकीच्या दस्त्यासारख्या मुठीवर बसवलेली असे. काच चांगली, वजन भरपूर. मात्र गर्दीच्या ठिकाणी खांद्याला लावून हा संच रोखला, तर पक्षी नव्हे, पोलीस आधी जवळ येतील!

५०० मिलिमीटर, एफ/८ ची आरशाची लेन्स लहान, हलकी आणि स्वस्त असते, म्हणून ती मोहात पाडते. तिचे छिद्र कमी-जास्त करता येत नाही, प्रकाश कमी येतो आणि पार्श्वभूमीतील चमकत्या ठिपक्यांची कडी बनतात. पाण्यावरील उन्हाच्या तिरिपींत पोहणारे बदक तिने टिपले, तर बदकापेक्षा भोवतीच्या बांगड्याच नजरेत भरतात. जुन्या कॅमेऱ्याच्या दर्शिकेतील दुभंगलेल्या प्रतिमेचे वर्तुळही अशा मंद लेन्सबरोबर अर्धे काळे पडते आणि फोकस जुळवणे अवघड होते. दुप्पट करणाऱ्या टेलिकन्व्हर्टरचेही असेच. फोकल लेंग्थ दुप्पट होते, पण प्रकाश एक-चतुर्थांशावर येतो.

काच पारखताना

जुनी लेन्स हाती आली की प्रथम तिचे छिद्र पूर्ण उघडावे आणि मागून विजेरीचा झोत टाकून पुढून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी समजावी. पावसाळ्यात चामड्याच्या बंद पिशवीत वर्षानुवर्षे ठेवलेल्या लेन्सना हा रोग हमखास जडतो. कडेला असलेला एखादा तंतू छायाचित्रात दिसणार नाही. मात्र बुरशीने काचेचा लेप खाल्ला असेल, तर साफसफाईनंतरही डाग राहतात. सर्वत्र पसरलेले धुरकट धुके अधिक वाईट, कारण त्याने उन्हाविरुद्धची सारीच छायाचित्रे फिकी पडतात. याउलट, पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा फारसा अपाय करत नाही. ग्राहक नेमके ओरखड्याला घाबरतात आणि धुक्याकडे दुर्लक्ष करतात.

त्यानंतर छिद्राची पाती पाहावीत. त्यांवर तेल आले असेल, तर ती आळसावतात. फोकसची कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावी. ती सलग, किंचित जडपणाने फिरली पाहिजे. मध्येच अडखळणारी कडी म्हणजे आतील वंगण सुकल्याची खूण. हाताने फोकस करावयाच्या लेन्सचा सारा जीव या कडीत असतो. ती बिघडलेली असेल, तर काच कितीही निर्मळ असली तरी लेन्स सोडून द्यावी. शक्य असल्यास स्वतःचा कॅमेरा सोबत न्यावा, दूरच्या पाण्याच्या टाकीवर फोकस होतो की नाही ते पाहावे आणि पूर्ण उघड्या छिद्राने एक छायाचित्र काढून ते तेथेच मोठे करून तपासावे.

बोटांची तालीम

लेन्स घेतल्यानंतरचा पहिला महिना बहुतेकांचा निराशेत जातो. कारण लांब लेन्समध्ये सुस्पष्टतेचा पट्टा फारच अरुंद असतो. ३०० मिलिमीटर, एफ/४.५ वर १० मीटरवरील पक्ष्याच्या बाबतीत तो सुमारे २० सेंटिमीटर भरतो. २० मीटरवर तो ८० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. वेड्या राघूची चोच सुस्पष्ट आणि शेपूट अस्पष्ट, हा प्रकार घडतो तो त्यामुळे. नियम एकच : डोळा सुस्पष्ट हवा. उरलेले चालवून घेता येते.

त्याआधी दर्शिकेची चकती स्वतःच्या नजरेनुसार फिरवून घ्यावी. चष्मा लावणाऱ्यांनी तर ती कधीच विसरू नये. कित्येकांनी लेन्सला दिलेला दोष प्रत्यक्षात या चकतीचा असतो. डीएसएलआरवर स्थिर विषयासाठी मागील पडद्यावर प्रतिमा मोठी करून फोकस जुळवणे सर्वांत विश्वासार्ह. मिररलेस कॅमेऱ्यांत सुस्पष्ट कडा रंगीत करून दाखवण्याची सोय असते, पण लांब लेन्सवर ती थोडी उदार असते. अंतिम निर्णय मोठ्या केलेल्या प्रतिमेवरच घ्यावा. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये एफ/५.६ वा त्याहून उजळ लेन्सबरोबर फोकस जुळल्याचा हिरवा ठिपकाही मदतीस येतो.

हलत्या पक्ष्याचा पाठलाग करण्याऐवजी त्याची वाट पाहणे, हे हाताने फोकस करणाऱ्याचे खरे तंत्र होय. खंड्या, कोतवाल, नीलकंठ, वेडा राघू हे पक्षी शिकार करून पुन्हा त्याच फांदीवर किंवा तारेवर येऊन बसतात. ती फांदी हेरावी, उजेड पाठीशी राहील अशी जागा घ्यावी, फांदीवर आधीच फोकस लावून ठेवावा आणि थांबावे. पक्षी उतरण्याच्या क्षणी दोन-तीन छायाचित्रे घ्यावीत. महागड्या कॅमेऱ्याची यंत्रणा जे क्षणार्धात करते, ते येथे अर्ध्या तासाच्या निश्चल बसण्याने साधते. पाण्यावरून समांतर उडणारे बगळे अंतर फारसे बदलत नसल्याने सरावासाठी उत्तम; सरळ अंगावर येणारी घार मात्र अनुभवी हातांनाही चकवते. निकॉन आणि कॅनॉन यांच्या कड्या परस्परविरुद्ध दिशांना फिरतात, हेही लक्षात ठेवावे. दोन्ही प्रकारच्या लेन्स आलटून पालटून वापरणाऱ्याची बोटे ऐनवेळी दगा देतात.

फोकस अचूक असूनही छायाचित्र पुसट येते, त्याचे कारण बहुधा हाताचा कंप. ३०० मिलिमीटरची लेन्स लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर असेल, तर शटरचा वेग किमान सेकंदाचा ५०० वा भाग ठेवावा. तिपाई असेल तर उत्तम. नसेल तर मराठवाड्यात एक स्वस्त उपाय घरोघर आहे : ज्वारीने भरलेली कापडी पिशवी. बांधावर, मोटारीच्या खिडकीवर वा दगडावर ती ठेवून त्यात लेन्स रुतवली की कंप बराच शमतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’ हे ज्वारीचे वाण दिले. त्याचा असाही उपयोग व्हावा, याला विद्यापीठाची हरकत नसावी.

ऊन मात्र कोणत्याही पिशवीने आवरत नाही. फेब्रुवारीनंतर सकाळचे दहा वाजले की तापलेल्या काळ्या रानावरून हवा थरथरू लागते आणि दूरवरचा काळवीट पाण्यात पाहिल्यासारखा दिसतो. ती थरथर लेन्सचा दोष नव्हे. महाग लेन्सलाही ती चुकत नाही. सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सायंकाळचा शेवटचा तास, एवढेच काय ते आपले. याच लेन्सचा उन्हाळ्यातील दुसरा शत्रू म्हणजे काळ्या मातीची धूळ. ती कापडाने पुसू नये, आधी रबरी फुग्याने फुंकून काढावी. पावसाळ्यात लेन्स पिशवीऐवजी सिलिका जेल ठेवलेल्या हवाबंद डब्यात ठेवावी आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरावी.

लेन्स आखूड पडते म्हणून पक्ष्याच्या अधिकाधिक जवळ सरकण्याची सवय विशेष घातक आहे. चिखलावर विसावलेला थवा एकदा उठवला की त्याची शक्ती वाया जाते, शिवाय मागून येणाऱ्यांनाही काही दिसत नाही. घरट्यांच्या बाबतीत तर कोणतीच सवलत घेऊ नये. पिलांना चारा भरवणारी मादी कॅमेऱ्याला बुजून दूर राहिली, तर एप्रिल-मेच्या उन्हात पिले तासाभरातही दगावू शकतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात छायाचित्रणासाठी जाताना परवानगी घ्यावी लागते. धरणाच्या भिंतीवर आणि वीजगृहाच्या परिसरात कॅमेरा काढण्यापूर्वी तेथील फलक वाचावा आणि पहारेकऱ्यास विचारावे. गळ्यात लांबलचक जुनी लेन्स असलेल्या माणसाकडे तो तसाही संशयानेच पाहत असतो.